खोक्यांच्या पुठ्ठ्याची खुर्ची: गोंद लावू की सळया घालू?

तिरपी_रेघ

मोठ्या उपकरणांची खोकी बरीच साठली आहेत. रद्दीत जाण्याआधी त्यांची खुर्ची करायला घेतेय. शोभेची नाही, रोज टेबलाशी ओढून बसायची.

पद्धत ठरली आहे. खुर्ची बाजूने जशी दिसते ती आकृती पुठ्ठ्यावर कापायची आणि तसेच तुकडे एकाला एक लावून उभे करत जायचे, हवी तेवढी रुंदी भरेपर्यंत. म्हणजे बसणाऱ्याचं वजन पुठ्ठ्याच्या पसरट अंगावर न येता कडांवर येतं.

मापं: बैठकीची उंची ४४ सेंमी, खोली ४२, रुंदी ४५. पाठ बैठकीच्या वर ४० सेंमी, बैठकीशी साधारण १०० अंशाचा कोन. बैठक मागे किंचित उतरती. चार पाय नाहीत. पुढे एक, मागे एक असे १२-१२ सेंमीचे आडवे पसरलेले पाय आणि मधे कमान. पुठ्ठा बहुतेक पाच पदरी, ७ मिमीचा. त्याने ४५ सेंमी भरायला ६४ थर लागतात. तीन पदरी ४ मिमीचाही थोडा आहे, पण नुसता तो वापरला तर ११२ थर, आणि कापून कापून मनगट जाईल.

अडलंय ते जोडणीपाशी. थर गोंदाने चिकटवू, की आरपार भोकं पाडून आट्याच्या सळया घालू आणि दोन्हीकडून नट आवळू? गोंद लावला की खुर्ची पक्की, पण मोडल्यावर ती रद्दीत कोणी घेईल का? सळयांची केली तर कधीही सुटी करता येईल, पण डुगडुगणार नाही ना?

पुठ्ठ्यातलं कळणाऱ्यांनी आणि हात चालवणाऱ्यांनी कृपया लिहा. 'लाकडाची घेऊन टाक' हा सल्ला घरात मिळून झाला आहे.

उगाच_एक

लाकडाची घेऊन टाका.

(राहवलं नाही. गंभीरपणे वाचतोय.)

रंधा

गोंद. प्रश्नच नाही. लाकूडकामाचा पांढरा गोंद घ्या, रोलरने पातळ थर द्या, वर वजन ठेवा, रात्रभर विसरून जा. सकाळी फळी हातात येते. सळया वगैरे दिसायला छान, पण पुठ्ठा दबतो. आज आवळलेला नट आठवड्याने सैल. मग रोज पाना घेऊन खुर्चीची विचारपूस करत बसा.

एक मात्र सांभाळा. पांढऱ्या गोंदात जवळजवळ निम्मं पाणी असतं. एकदम वीस थर चिकटवलेत तर आतलं पाणी बाहेर यायला वाट नाही, पुठ्ठा मऊ पडतो आणि वरच्या वजनाखाली गठ्ठा एका बाजूला घसरतो. चार-सहा थर, सुकवा, पुढचे चार-सहा.

पाचपदरी

खोक्यांच्या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून जोडणीच्या आधी मालाबद्दल लिहितो. खुर्ची फसते ती बहुधा तिथेच.

१) वापरलेल्या खोक्याचा पुठ्ठा नव्यासारखा नसतो. वाहतुकीत, थप्पीत, पावसात त्याच्या आतल्या फ्लूट (दोन कागदांमधल्या लाटेसारख्या पदराच्या नळ्या) चेपल्या जातात आणि बाहेरून काही कळत नाही. खोके सोडवल्यावर कापलेली कड उजेडाकडे धरून आरपार बघा. चांगल्या पुठ्ठ्यात नळ्यांची गोल तोंडे दिसतात आणि पलीकडचा उजेड येतो. चेपलेल्यात फटी दिसतात, काही ठिकाणी तर नुसती रेघ. अंगठ्याने दाबूनही कळते: चांगला पुठ्ठा प्रतिकार करतो, मेलेला पुठ्ठा दबून तसाच राहतो.

२) घड्यांच्या रेषा (आम्ही क्रीझ म्हणतो) आकृतीत येऊ देऊ नका. तिथे फ्लूट मुद्दाम मोडलेली असते. अगदीच टाळता येत नसेल तर ती रेघ पाठीच्या वरच्या टोकाला येऊ द्या, पायात किंवा बैठक-पाठीच्या सांध्यात नको.

३) स्टिचिंगच्या पिना सगळ्या उपटा. कटरचे पाते पिनेवर गेले की संपले. चिकटपट्टी सोलून काढा. तिच्यावर गोंद धरत नाही.

४) मेणाचा हात दिलेली किंवा ओला माल येऊन गेलेली खोकी बाजूला ठेवा. पुठ्ठ्याचे पदर कारखान्यात स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. एकदा भिजून सुकलेला पुठ्ठा वरून ठीक दिसतो, आतून पदर सुटलेले असतात.

५) नळ्यांमध्ये झुरळांची अंडी असतात. दोन कडक उन्हे दाखवा.

गोंद की सळया, यावर मला फार बोलायचे नाही. चांगला माल असला तर दोन्ही चालते.

चौकोनी_चिमणी

वाचनखूण साठवली! उजेडाकडे धरून बघायचं हे माहीतच नव्हतं. आत्ता घरातली चार खोकी तपासली, दोन बाद.

एक शंका. इतके थर कशाला? खाचेत खाच अडकवून जाळी करतात तशी का नाही करायची? सात-आठ उभे पाट एका दिशेला, सात-आठ दुसऱ्या दिशेला, प्रत्येकाला निम्म्या उंचीपर्यंत खाच. गोंदही नको, सळईही नको. मुलांसाठी असं बुटकं स्टूल केलं होतं, अजून आहे.

रंधा

चिमणीताई, मुलांचं स्टूल आणि रोजची खुर्ची यात फरक आहे. जाळीत प्रत्येक पाट एकटा असतो आणि खाच कापली की तिथे निम्माच उरतो. बैठकीला तेवढंच पुरेल. पाठीवर रेललं की खाचेच्या टोकापासून फाटायला लागतं.

शून्याधिक

जरा आकडे मांडून बघू, म्हणजे भांडायला मजा येईल.

पुठ्ठा उभा धरून वरून दाबला तर किती सोसतो याची चाचणी असते, एज क्रश टेस्ट. चांगल्या नव्या पाच पदरीला दर सेंटिमीटर कडेमागे ७-८ किलो मिळू शकतात. आपला वापरलेला आहे, निम्मं धरू: ४ किलो. तिरपी_रेघ यांच्या आकृतीचा जमिनीला टेकणारा भाग २४ सेंमी. म्हणजे एका थराला साधारण १०० किलो. थर ६४, पण त्यातल्या निम्म्यांच्याच नळ्या उभ्या आहेत असं धरू. ३२ थर गुणिले १०० म्हणजे ३,००० किलो.

तीन टन!

आता यातून कापत जाऊ. पुठ्ठ्याच्या चाचण्या २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला करतात. दमट हवेत, ९० टक्क्यांच्या आसपास, ताकद जवळजवळ निम्मी होते. राहिले दीड टन. वजन कायम असेल तर कागद हळूहळू दबत जातो, त्यासाठी आणखी मोठा भाग सोडा. कोणी धपकन बसलं तर क्षणभर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, तोही सोडा. तरीही ८० किलोचा माणूस आरामात बसेल इतकं उरतंच.

मतलब असा की या खुर्चीचा पुठ्ठा चिरडून ती मोडणार नाही. ती मोडेल ते तीन कारणांनी: थर एकमेकांपासून सुटून एकेकटे वाकले, पाणी लागलं, किंवा पाठीच्या सांध्यात फाटलं. तेव्हा प्रश्न 'किती मजबूत पुठ्ठा' हा नाही, 'थर एकत्र कसे राहतील' हा आहे. मूळ प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो.

आता गोंद आणि सळई यांत नेमका फरक कुठे पडतो ते. मागे-पुढे झुकताना फरक फारसा नाही, कारण प्रत्येक थर त्या दिशेला स्वतःच खोल आहे, ४२ सेंमी. फरक पडतो आडव्या दिशेला, म्हणजे खुर्चीवर बसून डावी-उजवीकडे डुललात तर. सुटे थर एकमेकांवरून सरकतात. दोन सुटे थर वाकायला एकाच्या दुप्पट जोर मागतात. तेच दोन चिकटवले तर आठपट. थर वाढतील तशी ही तफावत फार झपाट्याने वाढते. सळईने आवळलेले थर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, घर्षण किती त्यावर.

म्हणून रंधा यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण मात्र त्यांनी दिलं त्याहून वेगळं आहे.

उगाच_एक

तीन टन वाचून आमच्या हिच्या काकांना बसवायला हरकत नाही असं वाटलं, पण पुढचा परिच्छेद वाचून बेत रद्द.

घोटीव

हा वाद नवा नाही. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी १९७२ मध्ये पुठ्ठ्याच्या फर्निचरची 'ईझी एजेस' ही मालिका बाजारात आणली होती. त्यातली नागमोडी 'विगल' खुर्ची आजही तयार होते. पुठ्ठ्याचे थर एका आड एक उलट दिशेने लावून चिकटवायचे, म्हणजे एकात नळ्या उभ्या, पुढच्यात आडव्या, आणि दोन्ही बाहेरच्या अंगांना हार्डबोर्डचा पत्रा. शून्याधिक यांनी निम्मे थर उभे धरले ते याच हिशोबाने असावेत.

त्या हार्डबोर्डाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. लोक फोटो बघून नुसता पुठ्ठा थापतात आणि कोपरे महिन्याभरात विसविशीत होतात. बाजूचं अंग ठेचतं, कपड्यांनी घासतं, लाथा खातं. तिथे काहीतरी टणक हवंच.

त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, पीटर मर्डॉक यांनी लहान मुलांसाठी ठिपक्याठिपक्यांची कागदी खुर्ची केली होती. पण ती एका पत्र्याची घडी घालून, थरांची नव्हे. आणि टोकियो ऑलिंपिकच्या (२०२० चं, झालं २०२१ मध्ये) खेळाडूंच्या पुठ्ठ्याच्या पलंगांची चेष्टा आठवत असेल. ते २०० किलोपर्यंतच्या भारासाठी केलेले होते. पुठ्ठा म्हटलं की लोक आधी हसतात, मग हळूच बसून बघतात.

पाचपदरी

घोटीव यांनी उलटसुलट थर सांगितले त्यामागचे एक कारण धंद्याबाहेर फारसे कोणाला माहीत नसते, म्हणून लिहितो.

कागद मशीनवर बनताना त्याचे तंतू बरेचसे मशीनच्या धावेच्या दिशेने लागतात. त्या दिशेला कागद ओढायला जास्त चिवट. पुठ्ठा बनवताना फ्लूटच्या नळ्या येतात त्या या दिशेला आडव्या, काटकोनात. म्हणजे पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने दाबायला मजबूत आणि नळ्यांच्या आडवा ओढायला मजबूत. एकाच तुकड्यात दोन्ही दिशांचे बळ वेगवेगळे.

खुर्चीत पाय दाबले जातात. तिथे नळ्या उभ्या हव्यात. पाठीवर रेलले की पाठीची पुढची कड ताणली जाते, उभ्या दिशेनेच; तिथे नळ्या आडव्या असलेल्या थराचा कागद कामाला येतो. एका आड एक लावले की दोन्ही भागते. सगळे थर उभ्या नळ्यांचे लावून कोणी जास्त मजबुतीची अपेक्षा करेल तर पाठ त्याला दगा देईल.

शून्याधिक

हे मला माहीत नव्हतं. माझा हिशोब फक्त दाबाचा होता. धन्यवाद!

मग याच्यापुढे जाऊन: बैठक आणि पाठ जिथे मिळतात तो आतला कोपरा अणकुचीदार ठेवू नका. ताण तिथेच साठतो. ६-७ सेंमी त्रिज्येची गोलाई द्या आणि त्या जागी आकृतीची जाडी कमीत कमी १२-१३ सेंमी राहू द्या. दिसायला थोडी ढब्बी होईल, होऊ द्या.

पानोपानी

गोंदाबद्दल थोडं. मी वह्या-पुस्तकं बांधते, त्यामुळे कागदाला कागद चिकटवण्यात दिवस जातो.

पांढरा गोंद लावलेला पुठ्ठा परत लगद्याला जात नाही असं नाही, पण गिरणीत कागद पाण्यात घुसळतात तेव्हा हा गोंद विरघळून जात नाही, चिकट कण होऊन राहतो आणि नव्या कागदावर डाग पडतात. थोडा असेल तर चालून जातं. खुर्चीभर असेल तर रद्दीवाल्याला तो गठ्ठा नको होतो. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा हात दिलात तर विषयच संपला. खळ मात्र पाण्यात सुटते. पुठ्ठा मुळात खळीनेच जोडलेला असतो, हे पाचपदरी यांनी वर लिहिलंच आहे.

तेव्हा परत रद्दीत जायला हवं असेल तर खळ वापरा. तीन गोष्टी सांभाळा. खळ दाट हवी, पाणचट नको. बोटांमध्ये धरून बोटं लांब केली की तार सुटली पाहिजे. सगळ्या अंगाला फासू नका, तीन-चार बोटांच्या अंतरावर पट्टे ओढा, म्हणजे मधल्या जागेतून वाफ निघून जाते. आणि कसर, झुरळ यांना खळ आवडते. बांधणीत पूर्वीपासून मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे आणि खुर्चीवर उघड्या हातांनी, उघड्या पायांनी बसायचंय, म्हणून मी नको म्हणेन. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या कडा कागदी पट्टीने बंद करा, किड्यांना आत जायला तोंडच ठेवू नका.

रंधा

खळ? बसायच्या खुर्चीला? पानोपानीताई, तुमच्या वहीवर कोणी बसत नाही हो.

पानोपानी

रंधाराव, जुनी जाडजूड पुस्तकं चढायला पायरी म्हणून वापरणारी माणसं पाहिली आहेत मी. :)

खळीची ओढ कमी नसते. पुठ्ठा उपटून बघा, खळ सुटण्याआधी कागद फाटेल. गोंद कागदाहून मजबूत असून उपयोग काय, फाटणार कागदच. खळ हरते ती पाण्यापुढे. आणि पाणी लागलं तर तुमच्या पांढऱ्या गोंदाची खुर्ची तरी कुठे उभी राहणार आहे?

शून्याधिक

हा मुद्दा बिनतोड आहे. जोडातला सर्वांत कच्चा भाग कागद. त्यापुढचा गोंद नुसता दिखाऊ.

तिरपी_रेघ

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मधल्या काळात तळहाताएवढे नमुने करून पाहिले: पांढऱ्या गोंदाचा, खळीच्या पट्ट्यांचा आणि नुसत्या सळईने आवळलेला.

पांढऱ्या गोंदाचा आणि खळीचा हातात घेऊन पिळले तर फरक सांगता येत नाही. उचकटायला गेले तर दोन्हींत वरचा तपकिरी कागद सोलून आला, जोड तसाच. पानोपानी म्हणतात तसं.

सळईवाला गंमतशीर निघाला. वरून दाबला तर जराही हलत नाही, पण दोन्ही तळव्यांत धरून बाजूने ढकलला की पत्त्यांच्या जोडासारखा तिरका होतो. सोडला की अर्धा परत येतो. सकाळी पाहिलं तर नटही बोटाने फिरत होता. आणि आवळायला गेले तेव्हा लहान वॉशर सरळ पुठ्ठ्यात रुतला.

त्यावरून हे ठरवतेय:

आठ-आठ थरांचे गठ्ठे खळीच्या पट्ट्यांनी चिकटवायचे. ते गठ्ठे सळयांवर ओवायचे, गठ्ठ्यांमध्ये खळ नाही. दोन्ही बाहेरच्या अंगांना ६ मिमी प्लायवूडच्या त्याच आकृतीच्या पाट्या. त्यांचे १२ मिमी गेले की पुठ्ठ्याचे ६२ थर बसतात: सहा गठ्ठे आठांचे, दोन सातांचे. सरकायला जागा उरते ती फक्त गठ्ठ्यांमधल्या फटींत, आणि तिथेही दोन्हीकडून प्लायवूड दाबून धरेल. खुर्ची संपली की नट सोडायचे, प्लायवूड-सळया ठेवून घ्यायच्या, पुठ्ठा रद्दीत.

यात काही चुकतंय का?

शून्याधिक

बेत चांगला आहे. डुलण्याचा प्रश्न प्लायवूडमुळे बराच सुटेल, पण सळया पुरेशा लांबलांब अंतरावर घाला. पाच हव्यात: पुढच्या पायात खाली, मागच्या पायात खाली, बैठकीच्या पुढच्या टोकाशी, बैठक-पाठीच्या सांध्यात, आणि पाठीच्या वरच्या भागात. कोणतंही भोक कडेपासून ५ सेंमीच्या आत नको. बैठकीखालची सळई खोल ठेवा, पुठ्ठा दबला की तिचा टणकपणा बसणाऱ्याला लागतो.

रंधा

बरं, खळ तर खळ. पण आता सुताराचं ऐका.

भोकं ड्रिलने पाडू नका. ड्रिल कागद कापत नाही, ओरबाडतो, आणि भोकाभोवती कापूस फुलतो. सळई एम ८ ची, म्हणजे ८ मिमी व्यासाची आहे ना? मग १० मिमी बाहेरच्या व्यासाचा धातूचा पाइप घ्या, त्याचं एक तोंड कानसीने आतून-बाहेरून धार लावून घ्या, आणि एकेका थरात दाबून फिरवा. गोल चकती सुबक निघते. पाइपात अडकलेल्या चकत्या मागून सळईने ढकलायच्या. प्लायवूडला मात्र ड्रिलच.

कापायला १८ मिमीचा जाड कटर. एका दमात आरपार जायचा हट्ट नको. पहिला हात वरचा कागद, दुसरा मधलं, तिसरा खालचा कागद. जोर लावला की पातं तिरकं जातं आणि कड चेपते. कागद दिसतो मऊ, पण पात्याची धार भराभर खातो. कड फाटायला लागली, धागे निघायला लागले की लगेच टोक मोडून पुढचं घ्या. थर वाचवायचे असतील तर पाती वाचवू नका.

आणि आधी प्लायवूडची पाटी कापा. तीच साचा. प्रत्येक थर त्या पाटीवरून आखायचा. आधीच्या पुठ्ठ्यावरून पुढचा आखलात तर दरवेळी पेन्सिलची जाडी वाढत जाते आणि शेवटचा थर पहिल्याचा थोरला भाऊ निघतो.

चौकोनी_चिमणी

जिगसॉ चालतो का? ६२ थर हाताने म्हणजे...

रंधा

चालतो, पण दातांचं पातं नको, भुसा उडतो आणि कड विस्कटते. सुरीसारखं बिनदाती पातं मिळतं, ते लावा. दोन-तीन थर एकत्र कापता येतात. नाकाला मास्क लावा. पुठ्ठ्याची धूळ बारीक असते आणि घशात बसते.

पाचपदरी

एक राहिले. तिरपी_रेघ, आकृती ८४ सेंमी उंच आणि पाठीच्या कलामुळे ५० सेंमीच्या आसपास खोल होणार. एवढा अखंड तुकडा, मधे क्रीझ न येता, फक्त मोठ्या खोक्यांच्या बाजूंतून मिळेल. सगळे ६२ अखंड मिळणार नाहीत. तेव्हा काही थर दोन तुकड्यांचे करावे लागतील. करा, पण सांधा दर थराला वेगळ्या जागी घ्या. एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर आला की तिथे खुर्चीला चीर. बैठक-पाठीच्या गोलाईत तर एकही सांधा नको. शिवाय तुकड्यांचे थर गठ्ठ्याच्या मधे घाला, दोन्ही बाहेरचे थर अखंड ठेवा.

तीन पदरी पुठ्ठा याच कामी येईल. ७ मिमीचे थर लावून शेवटी रुंदीत थोडा फरक उरतो, तो तीन पदरीने भरता येतो.

उगाच_एक

आता मलाही करावीशी वाटायला लागली आहे. हौस संसर्गजन्य असते म्हणतात ते खोटं नाही.

गंभीर प्रश्न: वजन किती होईल? ढकलता येईल का, की एकदा ठेवली ती ठेवली?

शून्याधिक

आकृतीचं क्षेत्रफळ कमान वजा करून सुमारे ०.१७५ चौरस मीटर. पाच पदरीचा चौरस मीटर पाऊण किलोच्या आसपास धरू. ६२ थरांचे ८ किलो. खळ, प्लायवूड, सळया धरून ११-१२ किलो. एका हाताने नाही, पण दोन हातांनी सहज. ढकलताना मात्र उचलूनच हलवा, ओढू नका. खालच्या कडा घासून झाडूसारख्या होतात.

घोटीव

त्यासाठी तळाशी पट्ट्या द्या. दोन्ही पायांखाली खुर्चीच्या रुंदीभर लाकडाची पट्टी, तिच्याखाली रबर. याचा खरा फायदा वेगळाच: फरशी पुसताना पुठ्ठा पाण्यापासून वर राहतो. नळ्या उभ्या असतील आणि त्यांची तोंडं ओल्या फरशीला टेकली तर पाणी कागदात वर चढतं आणि पाय खालून मऊ होत जातो. वरून खुर्ची ठणठणीत दिसत असते.

ठेवायची जागाही बघा. ओल येणारी भिंत नको, हीटर-शेगडीजवळ तर अजिबात नको. शेवटी आतून पोकळ नळ्यांचा कागदच आहे तो, पेटला तर भडकतो.

तिरपी_रेघ

पट्टी घेते, छान. बैठकीच्या कडांचं काय करू? ६२ थरांच्या उघड्या कडा दिसायला मला आवडतात, त्या नळ्यांच्या नक्षीसाठीच तर हा खटाटोप. पण पानोपानी म्हणतात किड्यांना तोंड ठेवू नका.

पानोपानी

तुमची अडचण कळली. उघड्या कडा टोचतातही. पातळ कपड्यातून जाणवतात आणि कपड्यांचे धागे ओढतात. माझं मत: बैठकीचा आणि पाठीचा वरचा भाग क्राफ्ट कागदाच्या डिंकपट्टीने मढवा, तीच पाणी लावून चिकटवतात ती तपकिरी. प्लास्टिकची नको. पाठीची मागची बाजू उघडी ठेवा, तिथे नक्षी दिसेल. उघड्या ठेवाल त्या कडांना लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्या. घट्ट दिलंत तर नळ्यांत ओघळतं. लाखेने ओल थोडी थोपते आणि कड कडक होते.

रंधा

लाख चालेल. मी मेण म्हणालो असतो, पण मग रद्दीत जाताना परत वाद.

शून्याधिक

बसण्याआधी चाचणी घ्या. बैठकीवर तुमच्या वजनाच्या दीडपट भार, वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे कॅन, रात्रभर. आधी आणि नंतर बैठकीची उंची चारही कोपऱ्यांना मोजून ठेवा. एक-दोन मिमी दबेल, ते ठीक. एकाच कोपऱ्यात जास्त दबली तर त्या बाजूच्या गठ्ठ्यात मेलेला पुठ्ठा गेलाय. सळयांची खुर्ची आहे, सोडून तो गठ्ठा बदलता येईल. गोंदाच्या खुर्चीत हे जमलं नसतं, हे रंधा यांच्यासाठी.

पाठीची चाचणी वेगळी घ्या: बैठकीवर वजन असताना पाठीच्या वरच्या कडेला दोर बांधून मागे ओढा आणि गोलाईतला कागद सुरकुततो का ते बघा. खुर्ची मागे कलंडते का तेही तेव्हाच कळेल. कलंडत असेल तर मागचा पाय ४-५ सेंमी मागे न्या; तो पाठीच्या वरच्या टोकाच्या बराच आत राहिला तर रेलणारा उताणा पडणार.

तिरपी_रेघ

हा मागच्या पायाचा मुद्दा प्लायवूड कापायच्या आधी आला ते बरं. आकृतीत पाय ५ सेंमी मागे घेतला, कमान तेवढी रुंद झाली. नट कुठले वापरू? साधे षटकोनी बाहेर राहिले तर कपडे अडकतील.

रंधा

टोपीचे नट. डोकं गोल असतं, अडकत नाही. पण टोपीच्या नटात सळई ठरावीकच आत जाते, म्हणून टोपी एकाच बाजूला लावा. दुसऱ्या बाजूला प्लायवूडच्या आत उखळ करून साधा नट बुडवा, म्हणजे पुढे आवळायला जागा राहील. उखळ करायची तर त्या बाजूची पाटी ६ ऐवजी १२ मिमीची घ्या, ६ मध्ये काही उरणार नाही. दोन्हीकडे मोठे वॉशर, ३० मिमीचे तरी. पहिला महिना दर आठवड्याला पाव फेरा आवळा. पुढे पुठ्ठा दबायचा थांबतो, मग हात लावायची गरज नाही. जास्त आवळू नका, प्लायवूडची पाटी वाकायला लागली की थांबा.

उगाच_एक

म्हणजे पाना घेऊन विचारपूस करावी लागणारच.

रंधा

महिनाभरच.

पाचपदरी

एका पाटीत ६ मिमी वाढले तर एक पाच पदरी थर कमी करा, ६१ होतील. एक आठांचा गठ्ठा सातांचा. रुंदी ४४.५ च्या आसपास येईल. सळया मात्र सगळे थर आवळून मोजल्यावरच कापा, आधी नाही.